म्हैस दारात का अडली?

२०१९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. चार दिवस सुटी मिळाली म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या मामांच्या घरी गेलो होतो. रात्रभर पावसाने झोडपून काढले होते. सकाळी मामांनी म्हैस बाहेर काढून धुतली आणि पुन्हा गोठ्यात नेऊ लागले, तर ती दारातच अडली. दोन पावले पुढे यायची, दाराच्या लोखंडी खांबाला मान टेकली की फुरफुरून मागे सरायची. मामांनी आधी चुचकारले, मग आवाज चढवला आणि शेवटी काठी उचलली. "काल संध्याकाळपर्यंत मुकाट आत जात होती. आज हिला काय झालंय कोण जाणे!"

त्याच खांबावर, साधारण खांद्याच्या उंचीवर, विजेची पेटी बसवलेली होती. माझी नजर तिच्याकडे गेलेली पाहून मामा म्हणाले, "ते मी आधीच बघितलंय रे." त्यांनी खिशातला टेस्टर काढून खांबाला लावून दाखवला. टेस्टरचा दिवा पेटला नाही. मग त्यांनी खांब मुठीत धरूनही दाखवला. त्यांना काही जाणवले नाही.

पण मामांच्या पायांत रबरी चपला होत्या आणि म्हैस चारही खुरांनी ओल्या जमिनीवर उभी होती. माझ्या पिशवीत मल्टिमीटर होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय सापडेल याचा नेम नसतो. दोन पावलांवर चिखलात पहार ठोकली, मीटरची एक तार पहारीला आणि दुसरी खांबाला लावली. मीटरने ९ व्होल्ट दाखवले. घरात जाऊन गोठ्याकडे जाणारा मेन बंद केला; काटा शून्यावर. म्हैस, कोणी काही न म्हणता, आत निघून गेली.

मित्रांनो, घरामागचा गोठा, विहिरीवरची पंपाची खोपी, परसातले न्हाणीघर अशा जागी आता सर्रास वीज पोचली आहे. तिथे दिव्यांची, मोटरीची, चारा कापण्याच्या यंत्राची वीज वाटून देणारी एक पेटी लागते. वायरमन तिला डी.बी. म्हणतात. घरातली डी.बी. कोरड्या भिंतीवर सुखात असते, घराबाहेरच्या डी.बी.ला ऊन, पाऊस, धूळ, मुंग्या सगळ्यांशी सामना करावा लागतो. तिच्यासाठी पेटी निवडायची कशी, हा प्रश्न वरवर दुकानदाराचा वाटतो. पण त्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या वायूंच्या नियमांत, दवबिंदूत आणि ओहमच्या नियमात आहे. मामांची पेटी उघडून पाहू या.

पेटी स्वस्तातली नव्हती. मामांच्या मुलाने मुंबईहून मुद्दाम आणलेली, रंग भाजून चढवलेली पोलादी पत्र्याची पेटी होती ती. झाकणाला रबराची पट्टी, म्हणजे गॅस्केट, होती आणि बाजूला 'आयपी ६५' असा शिक्का होता. दुकानदाराने सांगितले होते की हिच्यात पाण्याचा थेंब शिरणार नाही. मार्चमध्ये ती बसवली होती. जुलैत झाकण उघडले तेव्हा तळाशी अर्धी वाटी पाणी होते, आणि ते कोमट होते. वरून येणाऱ्या वायरींवरून थेंब ओघळल्याच्या रेघा दिसत होत्या. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढला होता.

आता शिक्का खोटा होता का? मुळीच नाही. तो काय सांगतो ते नीट वाचायला हवे, इतकेच. 'आयपी' नंतरचे दोन अंक आंतरराष्ट्रीय मानक ६०५२९ प्रमाणे ठरतात आणि भारतीय मानक म्हणूनही ते स्वीकारलेले आहे. पहिला अंक ० ते ६. तो घन वस्तूंसाठी. २ म्हणजे माणसाचे बोट आत जाऊ शकत नाही, ४ म्हणजे एक मिलिमीटर जाडीची तार जात नाही, ५ म्हणजे काम बिघडवील इतकी धूळ जात नाही आणि ६ म्हणजे धूळ अजिबात जात नाही. दुसरा अंक पाण्यासाठी. १ म्हणजे सरळ खाली पडणारे थेंब, ३ म्हणजे तिरपा फवारा, ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे. ५ साठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार अडीच ते तीन मीटरवरून, निदान तीन मिनिटे, सर्व बाजूंनी मारतात. ६ साठी धार मिनिटाला १०० लिटरची. ७ साठी पेटी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवतात, लहान पेटी असेल तर तिचा तळ एक मीटर खोल जाईल इतकी.

इथे एक गंमत आहे. ७ हा आकडा ५ पेक्षा मोठा, म्हणून ७ ची पेटी ५ च्या परीक्षेतही पास झालीच असणार असे आपण गृहीत धरतो. तसे नाही. शांत पाण्यात बुडणे वेगळे आणि जोरदार धार खाणे वेगळे. दोन्ही परीक्षा दिल्या असतील तर पेटीवर दोन्ही अंक लिहावे लागतात. गोठ्याजवळ म्हैस पाइपाच्या धारेने धुतात, म्हणून आपल्याला ५ किंवा ६ हवा. ७ साठी जादा पैसे मोजणे मला तरी अनाठायी वाटते. गोठा पाण्याखाली जाणार असेल तर पेटीआधी इतर बऱ्याच गोष्टींची काळजी करावी लागेल.

तर शिक्का खरा होता. पण ही परीक्षा कारखान्यातून निघालेल्या पेटीची, काही मिनिटांची असते. मामांची पेटी चार महिने उन्हापावसात होती, आणि मुख्य म्हणजे ती कारखान्यातून निघाली तशी राहिली नव्हती. वायर आत घेण्यासाठी तिला वरच्या बाजूने भोक पाडले होते. घराकडून येणारी केबल वरून येते, म्हणून वायरमनला वरचे भोक सोयीचे वाटले. भोक ग्लँडपेक्षा मोठे झाले, म्हणून सांधीत लांबी भरली. पत्रा आणि वाळलेली लांबी उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. तिला केसासारखी बारीक चीर गेली होती.

"पण एवढ्याशा चिरेतून अर्धी वाटी?" मामांनी विचारले. "मला वाटतं, हवेतल्या दमटपणानंच पाणी जमलं असणार. पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं."

ही शंका रास्त आहे, आणि ती हिशोबाने तपासता येते. पेटी ४० सेंटिमीटर उंच, ३० रुंद आणि १५ खोल होती. म्हणजे तिच्यात १८ लिटर हवा. आषाढातही मधूनच दोन तास लख्ख ऊन पडते आणि मग अचानक सर कोसळते. पश्चिमेकडच्या खांबावरचा गडद राखाडी पत्रा उन्हात तापून आतली हवा ५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते असे धरा. सर आल्यावर ती २५ अंशांवर येते. निरपेक्ष तापमानात सांगायचे तर ३२३ वरून २९८. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे हवेचे आकारमान त्याच प्रमाणात, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास, कमी व्हायला हवे. १८ लिटरचे पावणेआठ टक्के म्हणजे १.४ लिटर. थोडक्यात, ऊन पडले की पेटी १.४ लिटर हवा बाहेर सोडते आणि सर आली की तेवढी आत ओढून घेते. पेटी श्वास घेते म्हणा ना!

हा श्वास दमट हवेचा असला तर किती पाणी आत येईल? २७ अंशांना पूर्ण बाष्पसंपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. १.४ लिटरमध्ये ते भरते ३६ मिलिग्रॅम, म्हणजे एक लहानसा थेंब. रोज एक श्वास, आणि आलेले सगळे बाष्प आतच थिजले असे धरले तरी अर्धी वाटी, म्हणजे ५० ग्रॅम पाणी जमायला जवळजवळ चार वर्षे लागतील. शिवाय दुसऱ्या दिवशी पेटी तापली की बाहेर पडणारी हवा बाष्प घेऊनच जाते. तेव्हा दमटपणा हा साथीदार असेल, मुख्य चोर नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. पेटीचा माथा सपाट होता. पावसात ग्लँडभोवती पाण्याचे लहानसे तळे साचते आणि लांबीची चीर त्या तळ्याच्या बुडाशी येते. सरीने पेटी गार होते, आतली हवा आकसते आणि पेटी श्वास घेऊ पाहते. तिच्या नाकावर मात्र पाणी आहे! मग ती हवेऐवजी पाणीच ओढते. झाकणाच्या फटीतून थोडी हवा येत असेल, म्हणून सगळे १.४ लिटर पाणी आत येत नाही. पण त्याचा शंभरावा हिस्सा आला तरी ते १४ मिलिलिटर होते. चार सरींत अर्धी वाटी भरली.

हे ओढणे किती जोराचे असते? पेटीत हवा अजिबात शिरली नाही असे समजा. मग आकारमानाऐवजी दाब पावणेआठ टक्क्यांनी घटेल. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, तेव्हा घट ७.८ किलोपास्कल. हा ८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब झाला. म्हणजे कोरड्या खांबावर टांगलेली पेटी, एका सरीत, ८० सेंटिमीटर पाण्यात बुडवल्यासारखी होते. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या झाकणावर यामुळे पडणारे बल ९४० न्यूटनच्या घरात जाते. एखाद्या धिप्पाड माणसाच्या वजनाएवढे. प्रत्यक्षात फटी असतात म्हणून दाब इतका उतरत नाही. पण गॅस्केट जितके घट्ट, तितके ओढणे जास्त, आणि मग उरलेल्या एकुलत्या एका फटीतून सगळा श्वास घेतला जातो. गरम भात डब्यात भरून लगेच झाकण लावले, तर दुपारी ते उघडता उघडत नाही. तोच हा प्रकार. डब्यात वाफ थिजते म्हणून दाब आणखीच उतरतो.

तुम्हाला हे घरी पाहता येईल. पत्र्याच्या झाकणाची अर्ध्या लिटरची काचेची बरणी घ्या. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा. बरणी तासभर कडक उन्हात ठेवा, मग फडक्याने धरून ती रंगीत पाण्याच्या ताटलीत पालथी करा आणि वरून ओले फडके घाला. आतली हवा ४५ अंशांवरून २८ वर आली तर २६-२७ मिलिलिटर पाणी आत चढायला हवे. शाळेत मोजपात्राने मोजून पाहा आणि फरक पडला तर का पडला याचा विचार करा. ही बरणी म्हणजेच मामांची डी.बी. आहे. खऱ्या डी.बी.वर मात्र कोणताही प्रयोग करायचा नाही. तिचे झाकणसुद्धा परवानाधारक वायरमननेच, मेन बंद करून उघडायचे.

इथपर्यंत आलो की पेटी निवडण्याचे बरेचसे काम झाले. पहिली गोष्ट जागेची. ही गोष्ट पेटीच्या आधी ठरवावी, कारण चांगल्या जागी मध्यम पेटी टिकते आणि वाईट जागी भारी पेटीही टिकत नाही. पेटीत सगळ्यात जास्त उष्णता कोण निर्माण करते, सांगा पाहू? आतले स्विच आणि जोड मिळून अशा लहान पेटीत साधारण १० वॉट उष्णता निघते. उलट, भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास १००० वॉट ऊर्जा पडते. झाकणाचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. ऊन तिरपे पडते म्हणून निम्मे धरले तरी ६० वॉट झाले. आतल्या सगळ्या उपकरणांच्या सहापट! पेटीला सावली दिली की तिचा श्वास लहान होतो, प्लास्टिक आणि गॅस्केट जास्त वर्षे टिकतात, स्विचही अवेळी पडत नाहीत. म्हणून पेटी वळचणीखाली, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा मारतो. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झापांचा आडोसा बांधण्याची जुनी रीत उगीच पडलेली नाही. रंग फिकट असावा. वर पत्र्याचे उतरते छप्पर करून घेतले तर माथ्यावर तळे साचत नाही. या छपराला शंभर-दोनशे रुपये पडतील, पण त्याने जे काम होते ते शिक्क्यावरचा अंक एकाने वाढवून होत नाही.

मग गोठ्याच्या आतच का नको? आत ऊन नाही, पाऊस नाही. मामांनीही हेच विचारले. नको, कारण आत अमोनिया असतो. शेण-मूत कुजताना निघणारा हा वायू ओलाव्यात विरघळून तांब्याला आणि पितळेला खातो. याची एक जुनी गोष्ट सांगतो. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. पावसाळा संपल्यावर बाहेर काढावीत तर त्यांची पितळी पुंगळी तडकलेली असत. कारण कळेना. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून ते घडते, याचा उलगडा १९२१ साली झाला. डी.बी.तले स्क्रू आणि पट्ट्या पितळेच्याच असतात. तेव्हा पेटी बाहेरच्या भिंतीवर, आणि गोठ्यात फक्त दिवे.

पेटी कशाची असावी, यावर वायरमन मंडळींत वाद होतात. पोलादी पत्रा मजबूत, पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत रंगाला एक ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो. आणि भोके पाडताना ओरखडे पडतातच. साधे एबीएस प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडून ठिसूळ होते. पॉलिकार्बोनेट बरेच चिवट असते, मात्र ते उन्हासाठी बनवलेले आहे अशी खूण पाहून घ्यावे. अमोनिया त्यालाही मानवत नाही. काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरच्या पेट्या मिळतात. वीजमीटर बसवायलाही त्या वापरतात. गोठ्याजवळ मी तीच घेईन. प्लास्टिकच्या पेटीचा दुसरा एक फायदा असा की आत गळती झाली तरी पेटी स्वतः विजेची होत नाही. पत्र्याची पेटी होते. मामांच्या खांबाचे तेच झाले होते.

आता म्हशीकडे परत येऊ. त्या पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची वायर जोडलेली होती. पण तिचे टोक भाजलेल्या रंगावरच स्क्रूने आवळले होते. रंग विद्युतरोधक! दिसायला अर्थिंग, प्रत्यक्षात काही नाही. वरून ओघळलेल्या पाण्याने फेजच्या टोकापासून पेटीच्या पाठीपर्यंत एक ओला पूल बांधला. पेटीतून खांबात, खांबातून त्याच्या पायाच्या काँक्रीटमधून जमिनीत असा प्रवाह सुरू झाला. जांभ्याच्या कातळात रोवलेल्या अशा खांबाचा जमिनीशी रोध १५० ओहम धरा. खांबावर ९ व्होल्ट होते. ओहमच्या नियमाने प्रवाह ९ भागिले १५०, म्हणजे ०.०६ अँपिअर, ६० मिलिअँपिअर. उरलेले २२१ व्होल्ट त्या ओल्या पुलावर पडले. तिथे २२१ गुणिले ०.०६, म्हणजे १३ वॉट उष्णता निघत होती. तळाचे पाणी कोमट का होते, ते आता कळले.

टेस्टर का पेटला नाही? त्याच्या आतल्या निऑन दिव्याला पेटायला साठाहून अधिक व्होल्ट लागतात. ९ व्होल्टना तो गप्पच राहणार. मामांना का जाणवले नाही? रबरी चपला. आणि गुराच्या शरीराचा रोध साधारण ५०० ओहम धरतात. मानेपासून ओल्या खुरांपर्यंत ९ व्होल्ट आले तर, खुराखालच्या जमिनीचा रोध जमेला धरूनही, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. जनावर बिचकायला तो पुरेसा असतो. त्या सकाळी गोठ्यातले सर्वांत चांगले मापनयंत्र म्हैस होती, आणि तिलाच काठी दाखवली जात होती.

यापुढचा हिशोब मात्र जरा सावकाश वाचा. पाण्याचा पूल जाऊन त्याच्या जागी एखादी सुटलेली फेजची वायर पेटीला थेट टेकली असती तर? २३० व्होल्ट, वाटेत खांबाचा १५० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचे थोडेसे ओहम. प्रवाह जेमतेम दीड अँपिअर. घरातला एम.सी.बी. १६ अँपिअरचा. दीड अँपिअर म्हणजे त्याच्या लेखी दोन-चार पंखे. तो कधीच पडला नसता. आणि खांबावर सव्वादोनशेच्या आसपास व्होल्ट उभे राहिले असते, सकाळी, दिवसभर, कोणीतरी अनवाणी येऊन दार उघडीपर्यंत. म्हैस नऊ व्होल्टलाच अडली, हे त्या घराचे नशीब.

एम.सी.बी. हे यंत्र वायर जळू नये म्हणून असते. माणूस मरू नये म्हणून नव्हे. त्यासाठी आर.सी.सी.बी. लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोन्ही वायरी एकाच लोहगाभ्यातून जातात. दोन्ही प्रवाह सारखे असले तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. काही प्रवाह जमिनीतून निघून गेला की बाकी उरते आणि ती बाकी स्विच पाडते. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असता तर आपल्या ६० मिलिअँपिअरच्या गळतीला तो क्षणार्धात पडला असता. तो कुठे बसवायचा? गोठ्याकडे जाणाऱ्या केबलच्या घराकडच्या टोकाला. म्हणजे केबल आणि बाहेरची पेटी, दोन्ही त्याच्या पहाऱ्यात येतात. त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक बटण असते, ते अधूनमधून दाबून तो पडतो की नाही पाहावे. मामांच्या घरात हा नव्हता. पेटीच्या शिक्क्यासाठी मोजलेल्या पैशांत तो आला असता.

राहिला प्रश्न आत शिरलेल्या पाण्याचा. इतके करूनही थोडे पाणी शिरणारच. विहिरीच्या मोटरीकडे जाणारा पाइप पेटीत उघडत असेल तर थंडीच्या रात्री तो विहिरीतली उबदार, बाष्पाने भरलेली हवा वर आणतो आणि पेटीच्या गार अंगावर तिचे पाणी होते. असा पाइप पेटीच्या तोंडाशी बंद करून घ्यावा. सगळ्या वायरी खालून घ्याव्यात, आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. ग्लँड वायरीच्या जाडीलाच शोभेल असा हवा. पेटी गरजेपेक्षा एक नंबर मोठी घ्यावी. दाटीवाटीत ताणलेल्या वायरी ग्लँडला तिरप्या ओढतात आणि फट तिथेच पडते.

आणि तळाला पाणी जायला वाट ठेवावी. हे ऐकून मामा हसले. पाणी येऊ नये म्हणून पेटी, आणि तिलाच भोक! पण आत आलेले पाणी अडवून धरणारी पेटी ही पेटी नसून बादली आहे. फक्त भोक फार बारीक चालत नाही. २ मिलिमीटर व्यासाच्या भोकात पृष्ठताणामुळे सुमारे दीड सेंटिमीटर उंचीचे पाणी तसेच लोंबकळत राहू शकते. ५-६ मिलिमीटर ठेवले तर थोडेसे पाणीही गळून जाते. नुसते भोक पाडले की पेटीचा अंक घसरतो, हेही खरे. म्हणून पाणी बाहेर सोडणारे आणि हवा आत-बाहेर जाऊ देणारे तयार प्लग मिळतात, ते बसवावेत. अशी वाट असली म्हणजे पेटी खालून, कोरड्या जागेतून श्वास घेते. वरच्या चिरेतून ओढण्याचे तिला कारण उरत नाही.

मामांनी त्याच आठवड्यात वायरमनला बोलावले. पोलादी पेटी उतरली. खांबाऐवजी पूर्वेच्या भिंतीवर, वळचणीखाली, काचतंतूची पांढरी पेटी बसली. शिक्का 'आयपी ५५', आधीच्यापेक्षा कमी. वायरी खालून आल्या. घरात आर.सी.सी.बी. बसला आणि जमिनीत नवी अर्थिंगची कांब गेली. प्लग तालुक्याच्या बाजारात मिळाला नाही, म्हणून तूर्त सहा मिलिमीटरचे भोक ठेवले.

पुढच्या वर्षी, २०२० च्या पावसाळ्यात, मामांचा फोन आला. पेटी आतून कोरडी होती, पण तळाचे भोक बुजले होते. कुंभारीण माशीने चिखल आणून त्यात घर केले होते. आता दर गणपतीच्या आधी मामा मेन बंद करून झावळीच्या हिराने ते भोक मोकळे करतात, आणि मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला प्लग आणायला सांगतात.